हौसेरावाच्या खांद्याचे टक्के

मी बोलतेय ती खिळ्यावरनं. पोती ओढायची लोखंडी आकडी मी; बाजारात मला हूक म्हणतात. तुर्भ्याच्या लोहारानं मला सळईतनं वाकवलं आणि रंगूबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी मुठीला गुंडाळली. तिच्या नवऱ्याच्या, हौसेरावाच्या, हाताला फोड नकोत म्हणून.

साताऱ्याकडचा गडी. एपीएमसीच्या कांदा मार्केटात आम्ही दोघांनी उभी हयात घातली. तिथल्या हमालांच्या टोळीची एक रीत आहे. पाठीवर पोतं चढलं, की 'झेपत नाही' म्हणायचं नाही. म्हटलं की संपलंच! "का रे, सासरवाडीला आलायस व्हय?" दिवसभर पिच्छा सुटत नाही.

एके दिवशी कांद्याच्या पोत्यांची थप्पी कलली ती हौसेरावाच्या उजव्या खांद्यावर आली. हाड जुळलं, खांदा काही जुळला नाही. भरपाईचा दावा कामगार कोर्टात गेला. खांदा कायमचा किती टक्के गेला, हे डॉक्टरांनी सांगायचं आणि भरपाई किती ते त्यावर ठरायचं.

मी तेव्हा घरीच होते, कानावर आलं ते सांगते. डॉक्टर म्हणाले, "हात वर करा." चार माणसं बघतायत म्हटल्यावर हा गडी टोळीतच उभा राहिला की! दात आवळले आणि हात नेला थेट कानापर्यंत. डॉक्टरांनी दिसलं ते लिहिलं. खांदा गेलाय तो दहाच टक्के.

घरी रंगूबाई कडाडली. "अहो, भाकरी मोडाय डावा हात लागतोय, आन् तिथं पैलवानकी दावून आलात?"

"सवय गं," एवढंच म्हणाला.

आमच्या वकिलांनी कोर्टाकडं पुन्हा तपासणी मागितली. या खेपेला रंगूबाईनं मला पिशवीत घातलं. तिथं तिनं मला टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांनी उचलून हौसेरावाच्या हातात दिलं. "कामावर उचलायचात तशी उचला."

चिंधी ओळखीची, पकड मात्र परक्याची वाटली. छातीपर्यंत गेले आणि तिथंच अडकले. त्यानं पुन्हा दात आवळले. मी मनात म्हटलं, बाबा, पुरे आता. रंगूबाई पदर तोंडात धरून भिंतीकडं बघत होती.

"न्हाई जात, डॉक्टर," तो म्हणाला. "हितनं म्होरं न्हाई जात."

जन्मात पहिल्यांदा.

बाहेर आल्यावर पुटपुटला, "टोळीत कळलं तर?"

"म्हनू देत सासरवाडीला आलास म्हनून," रंगूबाई म्हणाली. "सांगा, आलोय. जावईच हाय मी."

डॉक्टरांनी काय लिहिलं ते कोर्टात कळेल. मी आपली खिळ्यावर, चिंधी मात्र धुतलेली. तुम्हांला कुणी हात वर करा म्हटलं, तर दुखेल तिथं थांबा आणि तसं तोंडानं सांगा. खांद्याला बोलता येत नाही. मला येतं, पण लोखंडाची साक्ष घेतंय कोण?