डावा गुडघा

धाकटी शुद्धीवर आली आणि पाहते तो काय, पट्टी डाव्या गुडघ्याला! ऑपरेशन व्हायचं होतं उजव्याचं.

धाकटी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि भर रस्त्यात त्याची भंबेरी उडाली की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, ही तिची नोकरी. अर्ध्या गावाला सिग्नल पाळायला शिकवणारी ही बाई रस्ता ओलांडत होती, तोच सिग्नल तोडून आलेल्या एका दीडशहाण्याने मोटारसायकल तिच्या अंगावर घातली. डावा गुडघा खरचटून काळानिळा झाला, दिसायला भयंकर, पण आत काही नाही. उजवा वरून धडधाकट, आतलं लिगामेंट मात्र तुटलेलं. ब्रेकवरचा पाय तो. तो धड झाला नाही तर नोकरी गेल्यातच जमा होती.

घरात हाडांची डॉक्टर होतीच, थोरली जाऊ. सासूबाई उठताबसता तिचे गोडवे गायच्या, ते ऐकून धाकटीचे कान किटले होते. तरीही पाय दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

त्या हॉस्पिटलात एक रीत होती. भूल देण्याआधी पेशंटच्याच तोंडून नाव वदवून घ्यायचं, कुठला पाय ते विचारायचं आणि त्या पायावर पेनाने खूण करायची. कितीही मोठा माणूस असो, सुटका नाही. पण मॅडमच्या जावेला ‘तुमचं नाव काय’ म्हणून विचारायचं कुणी? सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गप्पा मारल्या, नर्सने गाल थोपटला, थोरलीने डोक्यावरून हात फिरवला. लाड झाले भरपूर, विचारायचं तेवढं राहून गेलं. काळानिळा गुडघा बघून मंडळींनी तोच तयार केला आणि थोरलीने तोच उघडला.

सासूबाईंनी पट्टी पाहिली आणि उत्तरही देऊन टाकलं. म्हणाल्या, आधी हाही आतून तपासून घेतला असेल, थोरलीचं काम किती चोख! धाकटीलाही ते पटलं. थोरलीने नुसती मान हलवली असती तरी विषय तिथेच मिटला असता. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी तिला तेच तर सुचवलं होतं.

थोरली आली, स्टूल ओढून बसली. तोंड पांढरंफटक.

“मी चुकीचा पाय उघडला,” ती म्हणाली. “आत सगळं धड दिसलं तेव्हा कळलं. उजव्याला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून तशीच बाहेर आणली तुला. शेवटी विचारून घ्यायचं काम माझं होतं. चूक माझी आहे.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगल्या पायाची वाट लावलीत, असं ती तोंडाला येईल ते बोलली. मध्ये पडल्या त्या सासूबाई. म्हणाल्या, घरातली गोष्ट घरातच राहू दे, चारचौघांत शोभा नको.

“ही घरातली गोष्ट नाही, आई,” थोरली म्हणाली. “उद्या त्या टेबलावर दुसरं कुणीतरी झोपणार आहे.”

आणि ती खरोखरच सरळ साहेबांकडे गेली. झालं ते झालं तसं लिहून दिलं, सगळ्या स्टाफला बसवून सांगितलं, आपली पुढची ऑपरेशनं चौकशी होईपर्यंत दुसऱ्यांकडे सोपवली. नर्सच्या तोंडून हे धाकटीला कळलं. राग होताच, कुठे जातोय! पण तिच्या जागी आपण असतो तर? आपण सासूबाईंचं उत्तर मुकाट्याने पदरात पाडून घेतलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. छाती लागते बाई याला, असं तिला वाटलं, आणि ते मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी थोरली पट्टी बघायला आली तेव्हा धाकटी म्हणाली, “ताई, उजवा तुम्हीच करा.”

“नाही.” थोरलीने दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना बोलावून ठेवलं होतं. “माझा हात अजून थरथरतोय. असल्या हातात मी कुणाचाच पाय देणार नाही, तुझा तर नाहीच.”

धाकटीने हात पुढे केला.

“मग भूल चढेपर्यंत माझा हात धरून थांबा.”

“अगं, थरथरेल तो.”

“थरथरू दे. माझाही थरथरतोय.”

तेव्हा कुठे थोरली रडली. धाकटीने बाजूला सरकून तिला पलंगावर बसायला जागा करून दिली.