एका माराचं हेल्मेट

मी एक तडा गेलेलं हेल्मेट बोलतोय. स्कूटरवरचं नव्हे; बेसबॉलमध्ये बॅटिंगला जाताना घालतात ते, गडद निळं, दोन्ही कान झाकणारं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. मला माझी ओळख पटली ती शारजातल्या एका मैदानावर, वैभवीच्या डोक्यावर. ती मूळची अमरावतीची, कॉलेजपासून बेसबॉल खेळलेली. इथे एका कार्गो कंपनीत एचआरला होती आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात. तिचा घाम माझ्या आतल्या स्पंजात मुरला.

एका मॅचमध्ये समोरून बॉल टाकणाऱ्या पिचरच्या हातून बॉल निसटला आणि थेट तिच्या डाव्या कानाच्या वर बसला. तो मार मी खाल्ला. ती कोसळली, मग उठून बसली आणि म्हणाली, "ठीक आहे मी." माझ्या अंगावर मात्र कानापासून वर केसासारखी बारीक रेघ उमटली होती.

वैभवी मला कचऱ्यात टाकायला निघाली, तेवढ्यात जेराल्ड आडवा आला. हा वसईचा, दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर, राहायला अजमानला. मॅचमध्ये खरोखर वापरलेल्या वस्तू जमवायचा त्याला भारी नाद. गवताचे डाग पडलेले बॉल, चिरलेल्या बॅट, फाटके ग्लोव्ह्‌ज. "डाग म्हणजे त्या वस्तूची सही," तो म्हणायचा आणि कुणाला फडकंसुद्धा लावू द्यायचा नाही.

त्याच्या हॉलमधल्या कपाटात मला मानाची जागा मिळाली. पाहुणा आला की जेराल्ड माझी गोष्ट सांगे. दर वेळी त्या बॉलचा वेग थोडा वाढे. पाहुणे माझ्या रेघेवरून बोट फिरवत. माणसांना जखमेवरून बोट फिरवायला का आवडतं, कोण जाणे! आणि त्या बोटांखाली रेघ आतल्या आत सरकते आहे, हे फक्त मला कळत होतं.

मग या हिवाळ्यात अजमानच्या मैदानावर दोन टीमची मॅच ठरली. जेराल्डने तंबूत टेबल मांडून आपला संग्रह लावला. दुपारी एका टीमचा बॅटर मुरगळलेला पाय धरून बसला.

"जेराल्डभाई, यल्ला, चलो! आप आ जाओ!" कुणीतरी ओरडलं.

जेराल्ड फुलला. टीमचं हेल्मेट बाजूला ठेवून त्याने मला उचललं आणि डोक्यावर चढवलं.

"जेराल्ड, ते शोसाठी आहे ना?" त्याची बायको सेलिन म्हणाली.

"डॅडी, इट्स क्रॅक्ड," मुलगी कॅमिला म्हणाली.

"अरे, यानेच एकदा जीव वाचवलाय! याच्यापेक्षा लकी काय असणार?"

समोर सुजीत होता, दुसऱ्या टीमचा सगळ्यात वेगवान पिचर. मला ओरडून सांगायचं होतं, मी आतून संपलोय. पण हेल्मेटला तोंड कुठलं!

पहिला बॉल सरळ गेला. जेराल्डची बॅट हवेत फिरली. लोक हसले आणि तो ईर्ष्येने प्लेटकडे, म्हणजे बॅटरच्या पुढ्यातल्या पांढऱ्या पाटीकडे, आणखी सरकला. दुसरा बॉल आत वळला, माझ्या अगदी कडेजवळून वाऱ्यासारखा गेला, आणि जेराल्डने डोकं झटक्यात मागे घेतलं. तेवढ्या धक्क्यानेच माझ्या आत काहीतरी उकललं. सुजीतने तिसऱ्यासाठी हात मागे नेला.

"सुजीत, थांब! टाकू नकोस!"

लांबूनच मला ओळखून पार्किंगकडून धावत आलेली वैभवी पिचर आणि प्लेटच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"अगं, माझी बॅटिंग चालू आहे!" जेराल्ड चिडला.

"हे काढ आधी डोक्यावरून."

"यानेच तुला वाचवलं ना?"

"वाचवलं, म्हणूनच खलास झालं ते! असं हेल्मेट एकच मार घेतं, जेराल्ड."

"मॅडम, ड्रामा मत करो," मागून कुणीतरी म्हणालं. जेराल्डलाही जोर आला. "टणक आहे गं अजून."

"मग दाब. दोन्ही हातांनी."

जेराल्डने मला काढून छातीशी धरलं. "आणि मोडलं तर?"

"तू सांग. मोडलं तर काय?"

कुणाला मला पुसूही न देणारा माणूस माझ्याकडे बघत उभा राहिला. सेलिन जवळ आली होती. वैभवीचा हात नकळत स्वतःच्या डाव्या कानावर गेला होता. जेराल्डला तो दिसला.

त्याने डोळे मिटले आणि दाबलं. फारसा जोरही लावला नाही. कट्‌कन आवाज झाला. रेघ टाळूपर्यंत धावली आणि मी त्याच्या हातात दोन तुकडे होऊन पडलो.

मैदानावर कुणी हसलं नाही. जेराल्ड मटकन धुळीत बसला. सेलिनने त्याचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

आता मी त्याच कपाटात दोन तुकड्यांत असतो. पाहुणे येतात. जेराल्ड बॉलचा वेग सांगत नाही. तो म्हणतो, "हे मी मोडलं," आणि तुकडे त्यांच्या हातात देतो.

मला दुःख नाही. माझ्या वाट्याचा मार मी वैभवीसाठी खाल्ला, त्याचं समाधान आहे. पण तुमच्याही घरी एखाद्या खुंटीवर माझा पडलेला, आपटलेला भाऊ लटकत असेल. वरून तो धड दिसेल. त्याला लकी म्हणू नका. त्याचे आभार माना, आणि तुमच्या लेकीच्या डोक्यावर नवं हेल्मेट घाला.