आखाजीचा दोर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समोर निळा समुद्र आहे. काठाला वाळू नाही, मोठमोठे काळे दगड रचलेले आहेत. दगडांना लागून लांबच लांब रस्ता, आणि रस्त्याच्या अलीकडे पिवळ्या भिंतींची, पांढऱ्या खिडक्यांची, बोगनवेलीनं मढलेली घरं. फार पूर्वी फ्रेंच लोकांनी वसवलेलं हे शहर. नाव पाँडिचेरी. दिसलं? आता या सगळ्याकडे पाठ करून बसा. कारण आपली बेबाबाई तशीच बसली आहे. तिच्यासमोर गॅसची शेगडी आहे, कणकेचा डोंगर आहे आणि मैदानात उभी असलेली, धुळ्याहून निघालेली यात्रेची बस आहे.

बसच्या पायरीवर उभे राहून रतिलालभाऊ ओरडत होते. यात्रा त्यांनीच काढलेली.

"ऐका सगळे! गाडी इथं तीन तास नाही, एकच तास थांबेल. परवाच्या पंक्चरनं अर्धा दिवस खाल्ला. आखाजीला घरी घागर भरायची का नाही? मग समुद्र बघा, फोटो काढा आणि तासाभरात गाडीत!"

"बरोबर शे," अभिमननाना पायात चप्पल सरकवत म्हणाले. "आखाजीले घर नई पोचनू ते मना बाप वरतून माले शिव्या दी."

सगळे हसले आणि समुद्राकडे निघाले. बेबाबाईच्या हातातलं लाटणं मात्र जागच्या जागी थांबलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी घराघरांत मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, आणि जिवंत लेकींसाठी झाडाला झोका बांधतात. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, भांडतात, रडतात, पुरणाची पोळी खाऊन परत जातात. बेबाबाईच्या माहेरी आणखी एक रीत होती. नातीला पहिला झोका आजीनं द्यायचा, आपल्या घरच्या दोरानं. तो मिळाला की पोरगी कुठंही वाढो, तिला आजोळची वाट सापडते, असं तिची आई म्हणायची.

बेबाबाईची एकुलती लेक पुनम या पाँडिचेरीत एका दवाखान्यात नर्स होती. तिनं इथल्याच सेल्वम नावाच्या मुलाशी लग्न केलं. तो ना जातीचा, ना भाषेचा. त्या दिवशी बेबाबाईच्या नवऱ्यानं, भाईदासनं, ओट्यावर बसून लेकीला घर बंद करून टाकलं होतं, "ती आठे उनी ते मी घर सोडी जासू." भाईदास वाईट माणूस नव्हता. बैलाच्या खांद्याला गाठ आली तर रात्रभर शेकत बसणारा. पण बोललेला शब्द त्याला गिळता येत नव्हता, आणि बेबाबाईला तो गिळवता येत नव्हता. मग पुनमला मुलगी झाली, कयल. ती सहा वर्षांची होईपर्यंत बेबाबाईनं तिला पाहिलं ते शेजारणीच्या मोबाईलच्या काचेत.

म्हणून यंदा रतिलालभाऊंचा आचारी आजारी पडल्याचं कळताच ती पदर खोचून उभी राहिली होती. "मी येस. माले पगार नको, रामेश्वर दखाडा फक्त." भाईदासला वाटलं, बायको पुण्य जोडायला निघाली. तिनं भावाकडून सुताचा नवा दोर वळून घेतला आणि बसमधल्या आपल्या आसनाखाली गोधडीच्या आत ठेवला. रामेश्वरला तिनं हात जोडले खरे, पण मागितलं ते पाँडिचेरीचंच.

आणि आता एकच तास. पुनमला तिनं तीन तास सांगितले होते. पुनमची रात्रपाळी सुटून ती घरी जाणार, कयलला घेऊन येणार. फोन करावा तर दवाखान्यात असताना तिचा फोन कपाटात ठेवलेला. यात्रेतल्या भिकुबाई अक्कांचा मोबाईल तिनं दोनदा मागून घेतला. घंटी वाजत राहिली.

"भाऊ," ती रतिलालभाऊंना म्हणाली, "थोडी वाट देखा ना. मनी आंडेर येणार शे."

"ताई, तुमची एक लेक. माझ्या गाडीत चाळीस जण, आणि प्रत्येकाच्या घरी घागर." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. न बघताच बोलता येण्यासारखं होतं ते. "आणि पोळ्या लाटून घ्या, पुढं कुठं थांबायचं नाही."

त्यात खोटं काय होतं? बेबाबाई लाटत राहिली. पोळी गोल येईना. पाठीमागं समुद्र दगडांवर आपटत होता. पाँडिचेरीचा समुद्र तिनं असा पाठीनंच ऐकला.

अर्धा तास गेला असेल, एक स्कूटर मैदानात शिरली. मागं बसलेल्या मुलीच्या दोन वेण्यांत मोगरा होता. पुनमनं स्कूटर नीट उभीसुद्धा केली नाही.

"माय!"

बेबाबाई उठली. हाताला कणीक, म्हणून लेकीला धरताना कोपरांनीच धरलं.

"किती बारीक व्हयी गयी व माय तू."

"आन तू जाड," बेबाबाई म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडायला लागल्या.

भिकुबाई अक्का गुडघेदुखीमुळे समुद्राकडे गेल्याच नव्हत्या. बसच्या सावलीत बसून त्या सगळं बघत होत्या. त्या उठल्या आणि पोळपाटासमोर बसल्या.

"आन ते लाटणं माले."

"अक्का, चाळीस जननं शे..."

"मी काय पहिलींदाव लाटस का? जाय! अर्धा घंटा ते गया, आते रडामा उरेल वखत घालू नको."

कयल आईच्या मागं उभी राहून एका डोळ्यानं बघत होती. बेबाबाईनं हात धुतले, पुसले आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. सहा वर्षं साठवलेलं बोलणं ओठांपर्यंत आलं. पण कयलला फक्त तमिळ येत होती.

"पाट्टी," पुनमनं तिला पुढं ढकललं. "म्हनजे आजी, माय. तेच म्हनी ती तुले."

"पाट्टी," कयल हळूच म्हणाली.

बेबाबाईनं मान डोलावली. मग बोट वर करून खूण केली, थांब हं, आणि बसमध्ये चढली. गोधडी उचलली. उलगडली. झटकली. दोर नव्हता.

ड्रायव्हर भिकन टायरवर पाणी मारत होता.

"भिकन, मना दोर कोठे शे?"

"तो नवा? वर शे ना मावशी." त्यानं टपाकडे बोट केलं. "काल जुना दोर तुटना, गोण्या लोंबकळी राह्यन्यात. तुन्या गोधडीमा दोर दखायना, बांधी टाका. झकास शे दोर!"

बेबाबाईनं वर पाहिलं. गोण्या, ट्रंका, कन्याकुमारीला घेतलेल्या टोपल्या, आणि या सगळ्यांवरून तिच्या भावानं वळलेला दोर ताणून आडवातिडवा बांधलेला.

"सोड त्याले."

"आते? मावशी, बठ्ठं सामान रस्तावर येई." भिकन ओशाळला. "माले काय माहीत व्हतं? तिरुपती पोचनूत का लगेच सोडी देसू, आईशप्पथ."

"तिरुपतीमा मनी नात शे का रे भाऊ?"

भिकन पाण्याची बादली उचलून पुढच्या टायरकडे गेला.

"माय, राहू दे," पुनम म्हणाली. "बागमा लोखंडी झोका शे. तठे जाऊत."

"लोखंडी झोका कोन्हा बी शे." बेबाबाई परत आत चढली. या वेळी पिशवीतून तिनं आपलं बदलायचं लुगडं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, गर्द हिरवं. दोर नाही तर नाही, हे तरी घरचं होतं.

मैदानाच्या कडेला, समुद्राच्या रस्त्यावर, बदामाचं एक झाड होतं. त्याची एक फांदी खाली आलेली. बेबाबाईनं झाडाखाली चपला काढल्या. झोका बांधायचा तर झाडाजवळ अनवाणी जायचं, तेवढं तरी रीतसर व्हायला हवं. लुगड्याला पीळ दिला, फांदीवरून टाकलं, गाठ मारायला घेतली. कयलला एकदम कळलं. ती टाळ्या पिटून काहीतरी बोलली.

"ती म्हनस, ती न्हानी व्हती तवय सेल्वमनी मायनी घरमा असंच लुगडं बांधं व्हतं," पुनम म्हणाली. "तिले याद नई, पन आम्ही सांगतस."

बेबाबाईची बोटं भरभर चालू लागली. ओठांत आखाजीचं गाणं आलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

लाल उभी टोपी घातलेला एक शिपाई रस्ता ओलांडून आला. पुनमशी तमिळमध्ये बोलला. पुनम काहीतरी विनवत होती, तो मान हलवत होता. चिडला नव्हता. चिडला असता तर बेबाबाईला भांडता आलं असतं.

"माय, झाडले काहीच बांधानं नई म्हने. वर कॅमेरा शे."

"त्याले सांग, एकच झोका. मी दोन हात लावसू आन सोडी लेसू."

पुनमनं सांगितलं. शिपायानं बेबाबाईकडे पाहिलं, कयलकडे पाहिलं, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग छातीशी हात जोडले आणि पुन्हा मान हलवली. त्याच्या हातातही काही नव्हतं.

मैदानातून हॉर्न वाजला. एकदा. मग लांबलचक. फांदीवरून लुगडं आपोआप घसरून खाली आलं.

"बेबाताई!" रतिलालभाऊंचा आवाज आला. "सगळे बसले! चला!"

बेबाबाईनं लुगडं गोळा केलं. ते परत न्यावं की ठेवावं, तिला सुचेना. तिनं ते कयलच्या दोन्ही हातांवर ठेवलं, तिच्या कपाळावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली, पुनमचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बाप कसा शे?" पुनमनं विचारलं. सगळा वेळ दाबून ठेवलेला प्रश्न.

"शे," बेबाबाई म्हणाली. "तुनं नाव लेत नई. पन आखाजीले दरवरीस झोका बांधस. रिकामा."

हॉर्न पुन्हा वाजला आणि ती पळत सुटली. भिकुबाई अक्कांनी दारातून हात देऊन तिला वर ओढून घेतलं. बस हलली. पोळ्यांचा डबा पायाला लागला, तेव्हा बेबाबाईच्या ध्यानात आलं की आपण अनवाणी आहोत.

"चपला व?"

"ऱ्हायन्यात झाडखाल."

"थांबाडू का गाडी?"

बेबाबाईनं नको म्हटलं. भांडी ओलांडत ती शेवटच्या आसनापाशी गेली आणि मागच्या काचेला कपाळ लावून बघू लागली. पिवळ्या भिंती मागं सरकत होत्या. समुद्र आता कुठं तिला नीट दिसला, निळा आणि फार मोठा. त्याच्या अलीकडे, बदामाच्या झाडाखाली, त्या दोघी.

कयलनं लुगडं फुटपाथवर पसरलं. झाडाखालच्या दोन्ही चपला उचलल्या, फ्रॉकला पुसल्या आणि लुगड्याच्या मधोमध जोडीनं ठेवल्या. लुगड्याचं एक टोक तिनं आईच्या हातात दिलं, दुसरं स्वतः दोन्ही मुठींत धरलं, आणि पाट्टीला झोका द्यायला लागली.