एका पायाचा मुऱ्हाळी

माझा भाऊ सुपडू एका पायाने सातपुडा चढून आला, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

आमचे बापू वारले त्या वर्षीची, १९५४ सालची गोष्ट. आमच्याकडे आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मुऱ्हाळी, म्हणजे माहेरचा माणूस, न्यायला आल्याशिवाय लेक सासरचा उंबरा ओलांडत नाही. माझं सासर घाटावर सेंधव्याला, माहेर खाली नरडाण्याला. बापूंच्या मागे घरात पुरुष म्हणजे एकटा सुपडू, आणि त्याचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला. शाळेतसुद्धा त्याला मीच सायकलच्या कॅरियरवर बसवून न्यायची. माझे सासरे झुलालआबा तोंडाचे फटकळ. त्यांनी निरोप धाडला की लंगड्याला घाट झेपायचा नाही, सून यंदा इथंच राहील. आता माय भेटत नाही म्हणून मी चुलीपुढे बसून रडले.

मोटार होती की. पण निरोप ऐकून आमचा सुपडू हट्टाला पेटला. उजव्या पायाने पायडल मारत आणि चढावर सायकलीचाच आधार घेत, ती ढकलत, आखाजीच्या तोंडावर तो दारात उभा राहिला. अंगभर धूळ, ओठ फुटलेले.

"अक्काले लेवाले उनू, आबा," एवढंच म्हणाला.

आबांनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि सकाळी गाडी जुंपायला सांगितली. हा नको म्हणाला. मग सकाळी आबा स्वतः घाटाच्या माथ्यापर्यंत सोबत आले. उतारावर सायकल आवरावी म्हणून पळसाची मोठी फांदी तोडून त्यांनी मागे बांधून दिली. ती रस्ता झाडत येत होती आणि मी कॅरियरवर जीव मुठीत धरून बसले होते.

पळासनेरला सपाटी लागली आणि तिथंच सुपडूच्या चांगल्या पायात गोळे आले. त्याला उभंही राहवेना. मी फांदी सोडली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि त्याला मागे बसवलं. शिरपुरात माणसं थांबून बघत होती. बघू दे म्हटलं.

तापी मागे पडली, ऊन कललं, नरडाण्याची वेस दिसली. मी उतरू लागले. मुऱ्हाळ्याचा मान त्याचा. बहिणीने त्यालाच बसवून आणलं तर गावाने त्याला जन्मभर चिडवलं असतं.

त्याने मागून माझा दंड धरला.

"उतरू नको, अक्का. मायले दखू दे, तिनी पोर कशी ई राहिनी."

आपली लेक कशी येतेय ते मायने बघावं म्हणून मी घंटी वाजवत गावात शिरले.