उणे दोनची ओळ माझ्यात नाही

मी लॉगटेबलची चोपडी बोलतेय. हो, तीच, जिला बघून अकरावीची पोरं तोंड वाकडं करतात. बालाघाटच्या एका शाळेचा शिक्का माझ्या पाठीवर आहे आणि पानापानावर पोरांच्या घामट बोटांचे डाग.

माझं काम सरळ आहे. संख्या आणा, तिचा लॉग घेऊन जा. पण पोरं सरळ वागतील तर शपथ! कुणी बेरजेच्या लॉगचे दोन तुकडे करतो, कुणी दिसेल तिथला लॉग खोडून मोकळा होतो. वर उत्तर चुकलं की मलाच बाकावर आपटतात. दहा वर्षं मी हे सोसलं.

मग १९६७ साली सत्यभामा आली. गणितात नापास. जुलैत पुरवणी परीक्षा होती. पास झाली तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला प्रवेश, नाहीतर आईबरोबर उकव्याच्या खाणीवर मँगनीज निवडायला जायचं. नंदकिशोर मास्तरांनी सुट्टीपुरतं मला तिच्या थैलीत घातलं.

पोरगी हुशार, पण हट्टी किती! उदाहरण होतं: लॉग x अधिक लॉग (x − ३) बरोबर १. तिने झटकन दोन उत्तरं काढली, ५ आणि −२. मग माझ्यात पडताळा. पाच घातले की लॉग ५ आणि लॉग २, म्हणजे ०.६९९० अधिक ०.३०१०, बरोबर एक. छान! उणे दोन घातले तर लॉग −२ आणि लॉग −५ हवेत. बाईसाहेबांनी उणे चिन्ह खुशाल गिळलं, त्याच ओळी पुन्हा पाहिल्या आणि पुन्हा एक आणला. दोन्ही उत्तरांखाली ऐटीत दुहेरी रेघ!

अगं, दहाला कोणताही घात चढव, उणे कधी येत नाही. माझ्यात उण्या संख्येची ओळच नाही! मास्तरांनी हे चारदा सांगितलं होतं. माझेच आकडे माझ्या नावावर खोटं बोलत होते आणि मला ओरडताही येत नव्हतं.

एका दुपारी तिची आई, शेवंताबाई, खाणीवरून आली. हातोडी कोपऱ्यात ठेवून तिने विचारलं, "काहून रडून राह्यली वं?"

"मास्तर म्हणते एक उत्तर फेक. एवढ्या मेहनतीनं काढलं मी, काहून फेकू?"

"आम्ही बी समदं मेहनतीनंच खोदतो. मंग दगड बी गाडीत भरतो का? दिसाले सारखाच असते तो. एकएक हातात घेऊन पाहा लागते. कामाचा नसला तं फेकाचा."

सत्यभामाने डोळे पुसले. तिने मला उघडलं आणि उणे दोन शोधत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. "माय, याच्यात हे नाहीच!"

सुटले बाई एकदाची, असं वाटलं मला.

जुलैत शाळेने परीक्षेला चोपड्या वाटल्या आणि नशिबाने मी तिच्याच बाकावर आले. लॉग x अधिक लॉग (x − १५) बरोबर २. तिची उत्तरं आली, २० आणि −५. तिचं बोट पन्नासच्या ओळीकडे निघालं, पाचचा लॉग माझ्यात तिथेच असतो. झालं, गेली ही खाणीवर! माझा संताप संताप झाला. पण बोट थांबलं. तिने मला मिटून तळहातावर घेतलं, आई खाणीवर दगड घेते तसं. मग लिहिलं, '−५ अमान्य'.

ती पास झाली. आता बिरशाच्या शाळेत ती शिक्षिका आहे. जुन्या शाळेने मला फाटकी म्हणून काढून टाकलं, तेव्हा तिने मला मागून आणलं. आजही पोरं उणे चिन्ह गिळतात आणि आजही माझं डोकं फिरतं.

परवा दसऱ्याला शेवंताबाई आली होती. तिने मला हळद-कुंकू लावलं, उलटी धरून पानं चाळली आणि विचारलं, "याच पोथीनं पास केलं तुले?"

"हौ," सत्यभामा म्हणाली.

अहो, नाही! मी सुट्टीभर नुसती जळत होते, शिकवलं तुझ्या आईने! पण मला तोंड कुठे आहे? तुम्ही कुणी बिरशाला गेलात, तर सत्यभामाला एवढं सांगा. हळद-कुंकू आईच्या हातोडीला लावायला हवं होतं.