चोर ठरलेली वार

मी एक जुनी वार आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. तुम्ही आईच्या पोटात होतात, तेव्हा नाळेने तुम्हाला जोडलेली अशी एक वार तुमचीही होतीच. बारसं मात्र फक्त तुमचं झालं!

मी वाढले उत्तनच्या शेरॉनच्या पोटात. तिने बोंबलाचं कालवण खाल्लं, की त्यातलं सत्त्व मी नाळेतून बाळाकडे पोचवायची. तिच्या श्वासातला प्राणवायूही पोचवायची. बाळाचा टाकाऊ माल शेरॉनकडे परत. रविवारचीसुद्धा सुट्टी नाही. तरी हे काम मला मनापासून आवडायचं.

पोर मात्र घाईची निघाली. दोन हजार आठ साली, दिवस भरण्याआधीच, भाईंदरच्या एका लहानशा प्रसूतिगृहात ती जन्मली. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. अंग फिकट, मुठी एवढ्याशा. मी अजून आतच होते आणि तिच्या वाट्याचं बरंच रक्त माझ्याकडे राहिलं होतं. ते पोचण्याआधी नाळ कापली, तर ही पोर अशक्त राहील, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात शेरॉनच्या उशाशी उभी असलेली तिची सासू डॉरिस ओरडली, "डॉक्टर, लवकर कापा ती नाळ! वार पोरीचं रगत ओढून घेते. आमच्याकडे कोन थांबत न्हाय!"

मी चोर? इतके महिने घास भरवला आणि वर हे ऐकायचं! मला फार लागलं.

डॉक्टर ममतांनी कात्री उचलली नाही. पोरीला पुसून शेरॉनच्या पोटावर ठेवलं, वर कोरडं फडकं घातलं. "मावशी, इथे बोट ठेवा. उडतंय ना? पोरगी नीट श्वास घेतेय, म्हणून थोडं थांबू या. रक्त तिच्याकडेच चाललंय."

डॉरिसने भीत भीत नाळेला बोट लावलं. मी होतं नव्हतं ते सगळं पाठवलं. हळूहळू ठोके थांबले. पोरीचे ओठ गुलाबी झाले आणि तिने असं भोकाड पसरलं, की तिचा बाप रॉक दार ढकलून आतच आला. मग नाळ कापली आणि थोड्या वेळाने मीही बाहेर आले.

एरवी माझी रवानगी बादलीत व्हायची. पण डॉरिसने मला मागून घेतलं आणि अंगणातल्या माडाखाली पुरलं. माती लोटताना ती हळूच म्हणाली, "चोर बोलली मी तुला. तू तर देत होतीस."

ती पोर माझ्या डोक्यावर लंगडी घालत मोठी झाली. आळीत कुणाचं बाळंतपण असलं, की डॉरिस आधी डॉक्टरांना विचारून येते, "नाळ जरा थांबून कापाल ना?" मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर मोठ्यांना एवढं विचारायला सांगा. आम्हाला नाव नको, बारसं नको. शेवटचा घास तेवढा भरवू द्या.