लाभांश न मिळालेलं वर्ष

मँचेस्टरच्या हॉस्पिटलमधून फार्मासिस्ट म्हणून रिटायर झाल्यावर अर्चनाताईंनी स्वतःच्या पैशांतून एका चिनी कंपनीचे शेअर घेतले. कंपनीचा पसारा मोठा होता. जहाजं, हॉटेलं, सिमेंट, औषधांची दुकानं. एक धंदा बसला तरी बाकीचे सावरतील, असा त्यांचा विचार. नवऱ्याला, उल्हासरावांना, मात्र तो पटला नव्हता.

लाभांश दरवर्षी येत राहिला, थोडा वाढतही गेला. कोविडच्या वर्षी मात्र काहीच आलं नाही. पुढे पुन्हा सुरू झाला, हळूहळू पूर्वीइतका झाला. तरी त्या एका वर्षाचं अर्चनाताईंना कोडं होतं. कंपनीनं कारण कधी धड सांगितलंच नव्हतं.

यंदा कंपनीची हाँगकाँगमधली वार्षिक सभा ऑनलाइनही होती. ब्रोकरनं लिंक पाठवली. तिकडे दुपार, इकडे मँचेस्टरला नुकतीच सकाळ. अर्चनाताई ठेवणीतली साडी नेसून लॅपटॉपसमोर बसल्या.

"अगं, तू त्यांना दिसणार नाहीयेस," उल्हासराव म्हणाले.

"असू दे. मीटिंग आहे माझी."

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर त्यांनी आपला प्रश्न टाइप केला. अध्यक्षबाईंनी तो मोठ्यानं वाचला. 'अर्चना' म्हणताना त्या जरा अडखळल्या.

"त्या वर्षी आमची हॉटेलं बंद होती," त्या म्हणाल्या. "लाभांश दिला असता तर माणसं काढावी लागली असती. आम्ही पगार चालू ठेवले. हे तेव्हाच तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं, ते राहून गेलं."

अर्चनाताईंचा चेहरा खुलला. त्या वर्षी हॉस्पिटलनं त्यांना मदतीला परत बोलावलं होतं, ते दिवस त्यांना आठवले. आपले पैसे कुणाच्या तरी पगारात गेले, हे त्यांना आवडलं.

उल्हासराव टोस्टची प्लेट घेऊन दारातच थांबले होते. "सरळ बोलली बाई," असं म्हणत ते खुर्ची ओढून शेजारी बसले. "आता हे काय आलं?"

"यंदाच्या लाभांशावर मतदान."

"मग दाब की 'येस'."

"अहो, आधी वाचू तर द्या."

दोघांनी मिळून ठराव वाचला आणि अर्चनाताईंनी मत दिलं. सभा संपली तरी उल्हासराव उठले नाहीत. या कंपनीचं सिमेंट कुठे कुठे जातं, असं त्यांनी विचारलं. अर्चनाताईंनी चहा ओतला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.